ह्यांच्या रेडिओतली बाई

९ फेब्रुवारी

हे कोणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहून ठेवतेय. वही शिवणाच्या कारखान्यातली आहे, मापं घ्यायची. छाती, कंबर, बाही असे रकाने छापलेले आहेत. असू देत.

ह्यांना जाऊन आज पंचवीस दिवस झाले. सकाळी धाकट्या भाऊजींचा फोन. "वहिनी, मागच्या खोलीतली विमानं त्या क्लबला देऊन टाकू. रविवारी गाडी आणतो. तुम्ही नुसती धूळ झटकून ठेवा." मी बरं म्हटलं. त्या खोलीत मी वर्षातून दोनदा जायचे, पडदे धुवायला काढायला. ह्यांची विमानं म्हणजे दोन-अडीच हात लांबीची, जमिनीवर उभं राहून उडवायची. चार छताला टांगलेली. पाचवं टेबलावर, जुन्या चादरीखाली. ते मी कधी पाहिलं नव्हतं. पंख जांभळे. शेजारी एक रेडिओ. रेडिओ म्हणजे गाण्यांचा नव्हे, ज्या पेटीने विमान चालवतात तिला हे रेडिओ म्हणत. दोन हातांत धरायची, मधोमध दोन दांड्या, वर अँटेना. ह्यांचा नेहमीचा रेडिओ जुना, कोपरे झिजलेला. हा नवा कोरा होता.

पुसताना फडक्याखाली कुठलंसं बटण दाबलं गेलं असावं.

"आलीस? आधी थ्रॉटल खाली घे."

ह्यांचा आवाज. आधी घसा साफ करून मग बोलायचे, तसाच. फडकं तिथेच टाकून मी बाहेर आले, दार ओढलं, कडी लावली. ओट्याशी जाऊन उभी राहिले. नळ सोडला, बंद केला. मनाला म्हटलं, बाई, धड झोप नाही, धड खाणं नाही, कान वाजतात माणसाचे. भांडी घासून टाकली. दहा मिनिटं झाली असतील. कडी लावलेल्या दारामागून:

"आहेस ना तिथे? का गेलीस विसरून?"

मी जमिनीवर बसले. थोड्या वेळाने पुन्हा तेच. पुन्हा तेच. तोच स्वर, ना वाढलेला ना चिडलेला. दुपारभर विचारत होते. मी बावीसपर्यंत मोजलं. चारच्या सुमाराला आवाज बंद पडला आणि मग मला रडू आलं.

१० फेब्रुवारी

कारखान्यात आठ गणवेशांच्या बाह्या उलट्या कापल्या. सुपरवायझरने त्या उचलून बाजूला ठेवल्या. ओरडली असती तर बरं झालं असतं.

ह्यांच्या फोनमध्ये क्लबच्या मास्तरांचा नंबर सापडला. उद्या येतो म्हणाले.

११ फेब्रुवारी

मास्तर म्हणजे चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. विमानांच्या क्लबात सगळ्यांत जुने. त्यांनी रेडिओ चार्जिंगला लावला, चालू केला, "आलीस?" ऐकलं आणि चष्मा काढून पुसला.

"भूतबीत काही नाही वहिनी. हे नवे रेडिओ बोलतात. विमान फार वर गेलं, वेळ संपली, बॅटरी उतरली, की सांगतात. दहा मिनिटं कोणी हात लावला नाही तर चालू राहिल्याची आठवण करतात. आवाज कंपनीचा असतो, पण आपला भरता येतो. त्याने स्वतःचा भरलाय."

हायसं वाटलं. पण ते पुरतं वाटायच्या आतच मी विचारलं.

"मास्तर, मग 'आलीस' का? 'आलास' का नाही?"

"तेच बघतोय. हा रेडिओ त्याने फील्डवर कधी आणलाच नाही. तिथे जुनाच असायचा."

"तुमच्यात बायका येतात का उडवायला?"

मास्तरांनी छताला टांगलेल्या विमानांकडे पाहिलं. "एकच येतात. दातांच्या डॉक्टर आहेत. छान उडवतात," म्हणाले, आणि चहा अर्धा टाकून उठले.

काना काढून तिथे वेलांटी दिली की झालं. तेवढ्या एका वेलांटीने माझी झोप उडवली.

१२ फेब्रुवारी

त्या टेबलाच्या खणात एक पातळ वही सापडली. वर लिहिलंय, "शब्द". ह्यांचं अक्षर बारीक आणि सरळ. वजनकाटे दुरुस्त करायचे ना, काट्याच्या रेघा आखल्यासारखंच अक्षर. आत नवशिक्याला लागणारे शब्द अर्थासकट दिलेत. काही उतरवते.

थ्रॉटल: डावी दांडी. मोटरचा वेग. शिवणाच्या मशीनच्या पायडलसारखं. एकदम दाबलं की कापड पुढे पळतं.

ट्रिम: शिवलेला कपडा अंगावर एका बाजूला ओढत असेल तर अख्खी शिवण उसवत नाहीत. अर्धा दोरा आत, अर्धा बाहेर. ट्रिमच्या बारक्या बटणाचं काम तेवढंच.

डावं-उजवं: विमान तुझ्यापासून दूर जाताना सरळ असतं. तुझ्याकडे यायला लागलं की उलटं होतं. कपडा उलट्या बाजूने शिवताना डावी बाही उजवीकडे येते, तसं समज.

स्टॉल: वेग गेला, नाक वर राहिलं, की पंखाखालची हवा सुटते. बघणाऱ्याला वाटतं विमान क्षणभर थांबलंय. ते थांबलेलं नसतं, पडायला लागलेलं असतं. नाक खाली कर. मनाला पटणार नाही, तरी कर.

तीस वर्षांत ह्यांनी माझ्या मशीनजवळ येऊन एक प्रश्न विचारला नाही, आणि इथे अर्धा दोरा आत, अर्धा बाहेर! म्हणजे ती बाई शिवतेही. दातांची डॉक्टर असून शिवते. किंवा डॉक्टर नसेलच, दुसरीच कोणी असेल. शिवणाऱ्या बायका काय कमी आहेत जगात?

१५ फेब्रुवारी

भाऊजी गाडी घेऊन आले. मी दारातच सांगितलं, विमानं कुठे जाणार नाहीत, मी उडवायला शिकणार आहे.

"तुम्ही? या वयात खेळणी उडवणार?"

हे वाक्य माझंच आहे. दर रविवारी हे विमान गाडीत घालायला लागले की मी ह्याच शब्दांत म्हणायचे. भाऊजींनी कुठून उचललं कोण जाणे. इथेच ऐकलं असणार, जेवताना.

खरं कारण मी त्यांना सांगितलं नाही. मास्तर म्हणाले होते की रेडिओच्या पोटात एक यादी असते, सगळी वाक्यं एकामागून एक ऐकता येतात. मी नको म्हटलं. एका बैठकीत ऐकली तर एका बैठकीत संपतील. विमान उडवलं की जे वाक्य ज्या वेळी निघायचं त्या वेळी निघेल. ती कोण आहे तेही तसंच निघेल.

१८ फेब्रुवारी

ह्यांच्या दुकानाशेजारचा किल्लीवाला येऊन गेला. दुकानाच्या किल्ल्या आणून दिल्या. त्या दिवशी ह्यांना पहिल्यांदा त्यानेच पाहिलं होतं. मी काही विचारलं नव्हतं, तरी सांगत बसला. "मला वाटलं काम करतायत. खुर्चीत बसलेले, हात काट्याच्या पारड्यात. काटा सहाशे चाळीस ग्रॅमवर होता वहिनी. मी दोनदा हाक मारली. काटा हलला नाही, तेव्हा कळलं."

मी त्याला पाणी दिलं. तो गेल्यावर रेडिओ चालू करून टेबलावर ठेवला आणि समोर बसून राहिले. दहा मिनिटं दांड्यांना हात लावला नाही.

"आहेस ना तिथे? का गेलीस विसरून?"

"आहे," मी म्हटलं. माझ्याशी बोलत नाहीत हे ठाऊक असून म्हटलं. घरात दुसरं कोणी होतं कुठे उत्तर द्यायला?

२२ फेब्रुवारी

पहिल्यांदा फील्डवर. गोदामांमागचं मोकळं मैदान, एका टोकाला लोखंडी पाण्याची टाकी, पलीकडे झाडांची रांग. सात-आठ पुरुष टोप्या घालून आकाशात बघत उभे. मी गेल्यावर सगळ्यांनी एकदम खाली पाहिलं.

मास्तरांनी त्यांचा रेडिओ आणि हा नवा रेडिओ वायरने जोडला. माझं चुकलं की एक बटण सोडतात आणि विमान त्यांच्या हातात जातं. रेडिओला गळ्यात अडकवायचा पट्टा आहे. मास्तर तो कमी-जास्त करायला गेले तर तो मला आधीच बरोबर बसला. पोटाशी जिथे यायला हवा तिथेच आला. मी ठेंगणी आहे, पुरुषांचे पट्टे मला गुडघ्यापर्यंत येतात. म्हणजे तीही माझ्याच उंचीची.

डॉक्टरीण बाई आल्या. उंच आहेत. चांगल्या ताडमाड. मी पट्ट्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि हिशेब जुळेना.

मी विमान सव्वा मिनिट सांभाळलं. मग ते माझ्याकडे यायला लागलं आणि डावं-उजवं उलटं झालं. मी ओरडले. मास्तरांनी घेतलं.

१ मार्च

आज साडेतीन मिनिटं. वळणं जमायला लागली. वळताना विमान नाक टाकतं, तेव्हा उजवी दांडी केसभर मागे ओढायची. जाड कापडावरून सुई न्यायची असते तेव्हा हात कापडाला सांगतो, दाबत नाही. तसंच हे.

विमान उतरल्यावर डॉक्टरीण बाई शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "ह्या जांभळ्यावर माझा फार डोळा होता. तुमच्या मिस्टरांनी ट्रिम करायला जुन्याच रेडिओवर एकदाच उडवलं आणि चादर घातली. मी म्हटलं, द्या ना एक फेरी. तर म्हणाले, हे दुसऱ्या कोणाचं आहे, ते माणूस येईपर्यंत कोणाला नाही."

"कोण माणूस?"

"बोलले नाहीत. लाजले. खरंच सांगते, कानापर्यंत लाल झाले."

ह्यांना लाजताना मी शेवटचं कधी पाहिलं? लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात. जांभळा रंग तेव्हा मलाही आवडायचा. मग वर्षानुवर्षं कारखान्याच्या करड्या कापडात बसून बसून अंगावरही करडंच आलं.

८ मार्च

आजचं आजच लिहिते.

मास्तर म्हणाले आज थोडं वर न्या, वर चूक सुधारायला वेळ मिळतो. मी नेलं. विमान चिमणीएवढं झालं, मग माशीएवढं. रेडिओ बोलला:

"फार वर गेलीस. हळूहळू खाली ये."

आणि "ये" संपता संपता, ह्यांच्या आवाजामागून, लांबून, बाईचा आवाज:

"अहो, झालं का? किती वेळ?"

'अहो' म्हणाली. अहो!

चिरका आवाज. बारीक, सुईसारखा. विचारणं नव्हेच ते, तगादा. घरात वावरणाऱ्या बाईचा आवाज होता तो, पाहुणीचा नव्हे. ह्यांनी रेकॉर्ड केलं तेव्हा ती तिथेच होती, पलीकडच्या खोलीत, जेवण वाढून वाट बघत. कुठल्या घरात? कुठल्या दुपारी?

विमानाचं काय झालं मला कळलंही नाही. मास्तरांनीच उतरवलं.

११ मार्च

मास्तरांकडून यादी उघडायची कशी ते शिकून घेतलं. बाकीच्या वाक्यांची नावं तळहाताने झाकते आणि तेवढं एकच वाक्य लावते. कारखान्यातून आल्यावर, हातपाय न धुता. किती वेळा ते लिहायला लाज वाटते. ह्यांचा आवाज मला आता ऐकूच येत नाही. मी फक्त तिची वाट बघते. तिच्यापुढे ह्यांचं ते मऊ "हळूहळू खाली ये" ऐकलं की वाटतं, एवढं मऊ बोलून अशी कर्कश बाई मिळवली ह्यांनी?

आणि माझ्याशी एवढं मऊ कधी? आम्ही बोलायचो ते गॅस संपलाय, पाणी आलंय, छत्री ने.

१५ मार्च

आज विमान उडवलं नाही. सरळ डॉक्टरीण बाईंना टाकीच्या सावलीत गाठलं आणि विचारलं.

त्या आधी माझ्याकडे बघतच राहिल्या. मग हसायला लागल्या. मग माझा चेहरा पाहून थांबल्या.

"बाई, मी त्यांचे तीन दात काढलेत. माणूस खुर्चीत आ करून पडला, लाळ गळते आहे, डोळ्यांत पाणी आहे. एवढं बघितल्यावर कोणाला कोणाबद्दल काही वाटेल का?" मग खालच्या आवाजात, "ते तुमच्याबद्दल बोलायचे. म्हणजे, तक्रार नाही. म्हणायचे, हिचा हात एवढा स्थिर आहे की ही आमच्या सगळ्यांपेक्षा चांगली उडवेल. पण येत नाही."

माझी समजूत घालायला बोलल्या, झालं. चांगल्या आहेत बिचाऱ्या. ती ह्या नव्हेत हे मात्र पटलं. आवाजही जुळत नाही, डॉक्टरीण बाईंचा भरदार आहे.

मग कोण?

२१ मार्च

ताई आली आहे, माझी थोरली बहीण. दोन दिवस राहणार. दुपारी ती न्हाणीघरात होती. मी मागच्या खोलीत रेडिओ घेऊन बसले आणि ते वाक्य लावलं. ताईला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज कमी करायला गेले तर बटण उलटं फिरलं. ह्यांचं बोलणं नळाच्या आवाजात बुडालं असणार. मागचं तेवढं घरभर वाजलं:

"अहो, झालं का? किती वेळ?"

न्हाणीघरातून ताई ओरडली, "अगं हो, येतेय! केस तरी पुसू देशील? आणि मला 'अहो' काय म्हणतेस?"

मी जागची हलले नाही. ताई डोक्याला पंचा गुंडाळून दारात आली. "काय झालं? हाका मारत होतीस ना?"

"मी नाही," मी म्हटलं.

"मग कोण? तुझाच आवाज होता. लहानपणापासून ओळखते मी तो. आई म्हणायची, ही बोलायला लागली की दूध नासतं."

मी पुन्हा लावलं. ताईने ऐकलं. मी पुन्हा लावलं. ताईने माझ्या हातातून रेडिओ काढून घेतला, टेबलावर ठेवला, मला विचारलं, आणि मी सगळं सांगितलं. वेलांटीपासून. वही दाखवली, पट्टा दाखवला. ती कपाळाला हात लावून ऐकत होती.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," ती म्हणाली. "मशीन, बाही, अर्धा दोरा. तुझ्या मापाचा पट्टा. अगं, आंधळ्यालाही दिसलं असतं. तुला कळत होतं. तुला कळून घ्यायचं नव्हतं."

"का नाही घ्यायचं?"

"त्यांनी फसवलं असतं तर तुला सोपं गेलं असतं म्हणून."

मला तिचा एवढा राग आला की मी उठून गच्चीत गेले. वाळलेले कपडे काढले, घड्या घातल्या. सगळ्या घड्या घालून झाल्या तरी राग होता, पण तो ताईवर नव्हता.

२२ मार्च

फील्डवर गेले नाही.

२३ मार्च

ताई गेली. जाताना म्हणाली, "समोर बोलले असते तर तू तोडून टाकलं असतंस, म्हणून पेटीत बोलून ठेवलं बिचाऱ्यांनी." मी म्हटलं, माहीत आहे, आता पुरे.

२८ मार्च

सगळे म्हणतात, आता तरी मन शांत झालं असेल. उलट झालंय. परकी बाई होती तोवर ती बाहेर होती, कुठेतरी दुसऱ्या घरात. आता ती इथेच आहे. ओट्याशी मी उभी असले की तीही उभी असते. शेजारणीला काही विचारायला तोंड उघडते आणि तो चिरका सूर मला आधी ऐकू येतो. कारखान्यात एका नव्या मुलीला "झालं का?" म्हटलं, ती दचकली, आणि मी तोंडावर हात ठेवला. एवढी वर्षं ह्या दाराच्या आत ह्यांना हा आवाज ऐकू येत होता. रोज.

मास्तर दुपारी आले होते. त्यांना मी एकच विचारलं. ह्यांना ते वाक्य पुसून नव्याने भरता आलं नसतं का, मागचा आवाज नसलेलं?

"सहज. अर्ध्या मिनिटाचं काम. तो तर भारी चोखंदळ. यादीत तारखा दिसतात, काही वाक्यं सहा-सहा वेळा भरलीत." मग म्हणाले, "हे एकदाच भरलंय. राहू दिलंय."

का राहू दिलं ते मास्तरांना माहीत नाही. मला माहीत नाही. हसायला येत असेल म्हणून? की घाई झाली, जेवण थंड होत होतं म्हणून? विचारायचं कोणाला?

पावसाळ्याच्या आधी माझी नोकरी संपते. डिसेंबरात हे जेवताना म्हणाले होते, "जूनमध्येच ना गं तू मोकळी होणार?" मला वाटलं मी घरी बसणार म्हणून धास्तावले. मी म्हटलं, "का, कंटाळलात आत्ताच?" हे ताट उचलून आत गेले.

५ एप्रिल

सगळं नीट लिहायचं आहे, म्हणून सावकाश लिहिते.

सकाळी वारा अगदी कमी होता. मास्तर म्हणाले, आज वायर नाही लावायची. मी म्हटलं, पडलं तर? म्हणाले, "तर पडलं. ते तुमचं आहे." डॉक्टरीण बाई जरा मागे उभ्या होत्या. मास्तर माझ्या उजव्या हाताला.

रेडिओ चालू केला. "आलीस? आधी थ्रॉटल खाली घे." घेतलं. बाकीचे पुरुष ऐकत होते, मला लाज वाटली नाही.

विमान गवतावरून धावलं आणि उठलं. पहिली फेरी घाबरत, दुसरी बरी. तिसऱ्या फेरीत मी टाकीच्या पलीकडे नेलं. एवढं लांब न्यायला नको होतं. जांभळे पंख झाडांच्या रांगेवर दिसत होते, आणि मी उजवी दांडी डावीकडे ढकलली तर काहीच झालं नाही. पुन्हा ढकलली. विमान आपल्या मनाने चाललेलं. मोटर बंद पडली, लांबूनही ती शांतता कळली.

रेडिओ बोलला. हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं.

"सिग्नल गेला. घाबरू नकोस. अँटेनाचं टोक विमानाकडे रोखू नको, आडवी धर. आणि तीन पावलं माझ्याकडे ये."

माझ्याकडे.

हे वाक्य भरताना ह्यांनी स्वतःला तिथे उभं केलं होतं, माझ्या शेजारी. कुठल्या बाजूला ते सांगितलं नव्हतं, कारण सांगायची गरजच नव्हती. मला दिसलंच असतं.

अँटेना आडवी केली. उजवीकडे मास्तर होते. डावीकडे कोणी नव्हतं, नुसतं गवत. मी त्या रिकाम्या बाजूला सरकले. एक. दोन. आकाशातून डोळा काढला नाही. तिसऱ्या पावलाला माझा खांदा आपोआप आखडला, बाकावर बसलेल्या माणसाला धक्का लागू नये म्हणून आपण अंग चोरतो तसा. आणि दांडी हातात जिवंत झाली. मोटरचा आवाज आला. विमानाने माझं ऐकून डावा पंख टाकला आणि वळलं.

"टाकी मध्ये येत होती," मास्तर पुटपुटले. "बाजूला झालात म्हणून." असेल तसंच.

ते माझ्याकडे यायला लागलं. डावं उजवं झालं, उजवं डावं झालं, आणि मी उलट्या बाजूने बाही लावतात तशी लावली. रुंद फेरी घेतली. थ्रॉटल थोडं थोडं कमी केलं. शेवटी नाक वर घ्यायचा मोह झाला, तो आवरला. चाकं गवताला लागली, उसळली, पुन्हा लागली. विमान तिरकं होऊन थांबलं. पुढच्या चाकाची तार वाकली. बाकी काही नाही.

मी रेडिओकडे पाहत उभी राहिले. अर्धं मिनिट, एक मिनिट. तो गप्प होता. वर गेल्यावर काय, लांब गेल्यावर काय, वेळ संपल्यावर काय, सगळ्याला ह्यांनी काही ना काही म्हणून ठेवलं होतं. खाली उतरल्यावरचं वाक्य भरलेलंच नव्हतं. ते बहुतेक तोंडाने बोलायचं होतं.

मग मीच बोलले. आवाज हळू काढायचा प्रयत्न केला नाही, जसा आहे तसा निघाला.

"उतरले हो."

मास्तर हसले. "बघितलं की आम्ही सगळ्यांनी! सांगताय कोणाला?"

डॉक्टरीण बाईंनी त्यांचा दंड धरला आणि त्यांना गाडीकडे घेऊन गेल्या.